बेटावर उतरवतो असं कुणी सांगितलं?

"हॅलो? … हो, मीच. बोल ताई."

धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत धाकटी उभ्याउभ्याच बोलत होती. पँट गुडघ्यापर्यंत ओली, केसांत वाळू. मागे दोरीवर लाइफ जॅकेटं वाळत होती. नदीतल्या मगरी, पाणमांजरं आणि पक्षी लोकांना दाखवून आणायचा हा धंदा दोघी बहिणींचा. नाव धाकटी चालवायची, फोनवरची बुकिंगं थोरली शहरातल्या घरी बसून घ्यायची.

"सकाळच्या फेरीतल्या त्या कॅमेरेवाल्याचा फोन आला असेल ना तुला? … वाटलंच. काय म्हणाला? … मी? मी त्याला ढकललं? अगं, बोटसुद्धा लावलं नाही मी त्याला! … हां, ट्रायपॉड उचलला. तो उचलला, ते खरंय. … अगं ऐक ना. आधी ऐकून तर घे!

"मधलं वाळूचं बेट आहे ना? … हो, तेच. सुरय पक्ष्यांनी अंडी घातलीत तिथं. घरटं कसलं, वाळूत नुसता खळगा. अंडीही वाळूच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. म्हणून मी नाव लांब थांबवली, इंजिन बंद केलं आणि म्हटलं, दुर्बिणीतून बघा. सगळे शहाण्यासारखे बघत होते. त्याची म्हातारी आई तर दुर्बीण हातातून सोडेना. आणि हा गडी बूट गळ्यात अडकवून सरळ पाण्यात उतरला! … बुडतोय कसला? गुडघाभर पाणी होतं.

"मारल्या की हाका! घसा बसलाय माझा, ऐकू येत नाहीये का तुला? … थांबतोय कुठला. घरट्यांच्या मधोमध ट्रायपॉड रोवून उभा. वर पक्षी किंचाळतायत, डोक्यावर झेपा घालतायत, आणि हा खूश! काय फोटो मिळतायत म्हणे!"

पलीकडून थोरली काहीतरी समजुतीचं बोलली असावी. धाकटीचा आवाज एकदम चढला.

"दहाच मिनिटं? ताई, त्या वाळूवर चप्पल काढून दहा मिनिटं उभी राहा, मग बोल माझ्याशी! ते पक्षी नदीत पोट भिजवून येतात आणि अंड्यांवर बसतात. का माहितीये? अंडी गार ठेवायला. गार! ते उठले की त्या उन्हात आतलं पिल्लू शिजतं. … हो, शिजतं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे."

बाहेर इंजिनाशी खटपट करणाऱ्या मेकॅनिकने मान वर करून खोलीकडे पाहिलं आणि घाईघाईने पुन्हा खाली घातली.

"मग काय करणार होते? उतरले मी पण. त्याच्यासमोरून कॅमेऱ्यासकट ट्रायपॉड उचलला आणि चालायला लागले नावेकडे. आला बरोबर मागोमाग, ओरडत, ठेचकाळत… हसू नकोस. ताई, हसू नकोस म्हणते ना! … हो, फेरी तिथंच संपवली. बाकीच्यांचा दोष नव्हता, कबूल. त्यांची माफी मागितली, उद्या परत नेते म्हटलं. … त्याची? त्याची माफी, मी? नाही. नाही म्हणजे नाही. लिहू दे त्याला नेटवर काय लिहायचंय ते!

"काय? … कुणी कबूल केलं होतं त्याला? … थांब जरा. परत सांग. सावकाश."

धाकटीने मागे न बघताच पायाने स्टूल ओढलं आणि बसली. बेटावर तो माणूस सारखा म्हणत होता, मला सांगितलंय, उतरवतो म्हणून सांगितलंय. तिला वाटलं, थापा मारतोय.

"म्हणजे तो खरं बोलत होता. … सगळ्यांदेखत मी त्याला खोटारडा म्हटलं, ताई. त्याच्या आईसमोर! आणि सांगितलं होतंस तू? … वळणापलीकडचे स्पीडबोटवाले उतरवतात, म्हणून? उद्या ते मगरीला हाताने मांस भरवायला लागले तर आपणही भरवायचं? … बुकिंग कमी झालंय ते मला नको सांगूस! रिकाम्या बाकांसमोर रोज मी उभी असते, तू नाही. … रडू नकोस. हे बघ, लहानपणापासून तुझं हेच. तू रडायचं आणि मी गप्प बसायचं. आज नाही बसणार मी. अजून कुणाकुणाला सांगितलंयस हे? … रविवारच्या? सगळ्या? बाराच्या बारा जणांना? … ताई!"

तिने टेबलावर हात आपटला. पावतीपुस्तक खाली पडलं. ते उचलायला ती वाकली नाही. मग थोरलीने काहीतरी विचारलं.

"अंडी? … आत्ता विचारतेयस होय. तीन घरटी होती त्याच्या पायाशी. लोकांना सोडून मी परत गेले होते, तासभर लांबून बघत होते. दोन ठिकाणी पक्षी येऊन बसले. तिसऱ्या घरट्याशी मादी येते, उभी राहते आणि उडून जाते. … नाही, मला नाही कळत. चार-पाचदा आली तशी."

तिने फोन क्षणभर छातीशी धरला.

"हं. आहे मी. ऐक आता. खोटारडा म्हटल्याबद्दल त्याची माफी मी मागते. … हो, मागते! त्याबद्दलच, ट्रायपॉडबद्दल नाही. आणि रविवारच्या बारा जणांना तू फोन करायचास. तू. बेटावर कुणी उतरणार नाही, मी चुकीचं सांगितलं होतं, असंच सांगायचं. पाणी वाढलंय, नियम बदललाय, असली कारणं नाही द्यायची. मी चुकीचं सांगितलं. … नाही आले तर नाही आले! … उद्या नाही, आत्ता. नाहीतर रविवारी नाव चालवायला दुसरं कुणीतरी बघ. … समज धमकी! समजच! ठेवते मी. … ठेवते म्हटलं ना!"

तिने फोन ठेवला. मग लक्षात आलं की माफी मागायला कॅमेरेवाल्याचा नंबर हवा, आणि तो थोरलीकडेच आहे. तिने चरफडत परत फोन लावला. बिझी. तोंड धुऊन आली, लावला. बिझी. जॅकेटं उलटी करून टाकली, पावतीपुस्तक उचललं, लावला. बिझी.

"लागत नाहीये का?" मेकॅनिकने दारातून विचारलं.

"बिझी येतोय," धाकटी म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "असू दे. येऊ दे बिझी."