फलकामागचा डोंगर

नगरपालिकेच्या रस्ते विभागाबाहेर मी पुस्तक उघडून बसलो होतो. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये, हे मला कळतं. पण शेजारी एक बाई आणि जाहिरातीचे फलक चढवणारा माणूस बोलत होते, आणि माझं पान काही उलटेना.

“आमच्या खिडकीसमोर दोरीला लटकता, ते तुम्हीच ना?”

“मीच. वळणावरचा फलक. जुनी जाहिरात गेल्या आठवड्यात उतरवली. आज परवानगी मिळाली, की नवी चढवतो.”

“मी त्यावरच हरकत घ्यायला आलेय.”

“घ्या की! पण काकू, तुम्हाला तर फलकाची पाठच दिसते.”

“तेच तर. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई दिवसभर ती पाठ बघायच्या. बोलणंच सोडलं होतं. तुम्ही जाहिरात उतरवलीत, फलकाचा नुसता लोखंडी सांगाडा उरला आणि त्या ओरडल्या, ‘अगं, डोंगर!’”

“कुठला डोंगर?”

“रस्त्यापलीकडचा! सकाळी आधी माथा उजळतो, मग ऊन पायऱ्या उतरल्यासारखं खाली येतं. आता रोज पहाटे हाका मारून उठवतात. घरदार खिडकीशी उभं.”

“एवढा दिसतो?”

“तुम्ही तर वर चढता!”

“फलकाकडे तोंड करून, काकू. डोंगराकडे आमची पाठ. एकदाही वळून बघितलं नाही हो.”

शिपायाने दारातून हाक मारली, “वळणावरच्या फलकाची परवानगी कोणाची?”

“माझी. पण आधी काकूंची हरकत नोंदवून घ्या. माझ्या अर्जावर शिक्का बसल्यावर यांचं कोण ऐकणार?”

“अहो, पण तुम्ही कुठे निघालात?” बाईंनी विचारलं.

“वळणावर. वर चढून एकदा मागे बघतो.”