जानीची दुसरी भाकर

माझं माहेर मोखाड्याकडलं, डोंगराच्या पोटातलं, आणि लग्न होऊन आले ती साखरशेतजवळच्या या पाड्यावर, नाचणीत जन्मले नि नाचणीतच दिवस गेले, शाळा आतून कशी असते ते मला जानी झाल्यावर कळलं. जानी माझी एकुलती. चालायला उशिरा लागली, बोलायला त्याहून उशिरा. गुरुजींनी चार वर्षं पहिलीतच बसवली, मग म्हणाले, ठकीबाय, हिला घरीच ठेव. ठेवली. आता पंचविशीची असेल, समज सहा वर्षांच्या पोरीची, पण कामाला वाघीण. बाप तिचा वारला त्याला आठ पावसाळे झाले.

तिकडं वावर गावात पोरं भुकेनं दगावली, त्यानंतर आमच्या डोंगरात गाड्या यायला लागल्या, आणि गाड्यांतून वर्ग उतरायला लागले, मोठ्या माणसांना कामधंदा शिकवायचे. काय सांगू भाऊ तुम्हाला, पहिला शिवणाचा. टेप, इंच, काज. जानीला पाचाच्या पुढं मोजता येत नाय. मी शिकवणाऱ्या बाईंना म्हटलं, बाई, हिला चूल पेटवून विझवायला शिकवा, दुकानातून मीठ आणायला शिकवा, जव्हारच्या एस्टीत बसून परत यायला शिकवा, मी गेल्यावर पोर जगली पाहिजे. बाई म्हणाल्या, मावशी, ते आमच्या कोर्समध्ये बसत नाही. मग अळंबीचा वर्ग आला. पावसात रानात जानीला सापडते तेवढी अळंबी कुणाला सापडत नाय, पण वर्गातली अळंबी उगवायची पिशवीत, थंड जागेत, रोज पाणी मारून, आणि तेही चैतात, आम्ही झऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरतो तेव्हा. तरी दर वेळी जीप दारात. वर्गाला वीस डोकी लागतात, जानी धरून वीस होतात. चार प्रमाणपत्रं आहेत तिची. शेवटच्या वेळी साहेबांनी भाषण केलं, ही मुलगी आता स्वतःच्या पायावर उभी राहिली. जानी उभीच होती, तिला खुर्ची दिली नव्हती.

गेल्या साली माझ्या छातीत दुखायला लागलं. जव्हारचा डॉक्टर म्हणाला, बरं होणारं नाय हे, घरात बघायला कोण आहे? मी म्हटलं, जानी.

मग म्हटलं, आता आपणच वर्ग काढावा. रोज दुपारी तिला सांगते, जाने, आज आय नाय, आय मेली, तू एकटीच. आणि मागं आंब्याखाली जाऊन बसते. ती चूल पेटवते, पीठ मळते, भाकर थापते, सगळं नीट, शिकवलं तसं. मग दुसरी थापते. मी बसल्या जागेवरून ओरडते, जाने, एकच करायची, आय नाय ना? ती म्हणते, हां, आय नाय. चूल विझवते, आणि दुसरी भाकर घेऊन आंब्याखाली येते. आये, खा.

रोज हेच. बाकी सगळं शिकली, एवढंच येत नाय तिला. मी खाते, काय करू.

देव तुमच्या लेकरांना सुखी ठेवो, भाऊ. उठू नका एवढ्यात. तुम्ही आल्याचं बघितलंय तिनं, आज तीन थापतेय.