दाताची दफा

(आदिलाबाद जिल्ह्यातलं एक पोलीस ठाणं, १९८७. चैत्रातली दुपार. मनकर्णाबाईंनी तोंडाला पदर दाबून धरला आहे.)

जमादार : पयले तो दात टेबलावरून उचला. मी जेवतो इथं.

मनकर्णाबाई : पुरावा हाय तो.

जमादार : असू द्या. पुडीत बांधा. मारलं कोनं?

मनकर्णाबाई : राहीनं. माही धाकली जाऊ. भितीले भित हाय आमची.

जमादार : कायनं मारलं?

मनकर्णाबाई : झाऱ्यानं. पोरीच्या लग्नाची बुंदी तळाले बसली होती.

जमादार : झारा तापला होता का?

मनकर्णाबाई : दात काय थंड्यानं पडत नाई?

जमादार : पडते. पन दफा बदलते, बाई. हातानं थापड मारली तं तीनशे तेवीस. त्याच्यात मी कोनाले उचलू नाई शकत, तुमीच कोर्टाचा हुकूम आनाचा. तापल्या वस्तूनं मारलं तं तीनशे चोवीस. शिवी देली तं पाचशे चार.

मनकर्णाबाई : शिव्या दोघीइनंबी देल्या.

जमादार : मंग पाचशे चार राहू द्या. झाऱ्याचं सांगा.

मनकर्णाबाई : कढईत घालाचाच होता आजून. थंडा होता.

जमादार : मंग उरला दात. अन् दात लय मोठी चीज हाय. कायद्याच्या पुस्तकात हाड अन् दात एका रांगेत बसते. हाड मोडलं का दात पडला, दोन्हीबी गंभीर दुखापत. दफा तीनशे पंचवीस. याच्यात कोर्टाले इचारा लागत नाई. आता गाडी पाठवतो, आनतो तिले.

मनकर्णाबाई : अन् सजा?

जमादार : सातपर्यंत.

मनकर्णाबाई : सात महिने?

जमादार : साल.

मनकर्णाबाई : दाढबी नाई हो ती. बाजूचा दात हाय, लहानसा.

जमादार : पुस्तकात माप नाई देल्लं. नाव सांगा पुरं, कागद तेलुगूत लिव्हा लागते मले, टाइम लागते.

मनकर्णाबाई : मंगळवारी हळद हाय पोरीची. भैंशाहून पावने येनार हाय.

जमादार : फिर्याद तुमी आनली का मी? भांडन काऊन झालं ते सांगा.

मनकर्णाबाई : मले हळदीले बलावलं नाई. साऱ्या गल्लीले कुंकू लावत गेली, माह्या दारावरून सरळ पुढं. बयना तिची पोरगी, पन वाढवली मी. राहीले दूध नोतं, तं आमच्या गाईचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजलं. आजबी मले मोठीमाय म्हन्ते ते पोरगी. मालक जाऊन दोन साल झाले माहे, तं आता माही सावली नको. मी इचाराले गेली, तं हे असं झालं. याची दफा कोन्ती?

जमादार : कायची? न बलावल्याची?

मनकर्णाबाई : हो. दाताहून मोठी असन.

जमादार : नाई, बाई.

मनकर्णाबाई : लहान तं लहान, सांगा.

जमादार : पुस्तकातच नाई ते.

मनकर्णाबाई : एवढं जाडं पुस्तक घेऊन बसले मंग कायले?

जमादार : कोंबडीच्या चोरीची दफा हाय, खोट्या वजनाची हाय, दुसऱ्याच्या बायकोले फूस लावून नेल्याची हाय. हळदीची नाई. मी काय करू? दारात कोन हाय? आत या.

राहीबाई : मी राहीबाई. गाडी नका पाठवू, बसनं आली. मारलं मी. लिव्हा.

मनकर्णाबाई : तिचं आयकू नका, जमादार. दात पयलेच हालत होता माहा.

राहीबाई : हालत नोता. परवा ओट्यावर बसून फुटाने खात होत्या ह्या. मी पाह्यलं.

मनकर्णाबाई : दुसऱ्या बाजूनं खात होती.

राहीबाई : दोन्ही बाजूनं.

जमादार : थांबा जरा. फिर्यादी म्हन्ते पडला, मुलजिम म्हन्ते पाडला. बावीस साल नोकरी झाली माही, मारलं म्हून कबूल कराले कोनी बसचं तिकीट काढून नाई आलं.

राहीबाई : मले ह्यायचा उपकार नाई पाह्यजे.

मनकर्णाबाई : उपकार कोन करून राह्यलं? पोरीच्या हळदीले माय जेलात, तं हळद कोन लावन?

राहीबाई : तुमी.

मनकर्णाबाई : मले चालते का ते?

राहीबाई : मी नाई म्हटलं कदी?

मनकर्णाबाई : मंग कोनं म्हटलं?

राहीबाई : सोयऱ्यायनं निरोप धाडला. विधवा बाई समोर नको म्हने. मी हो म्हटलं. लग्न मोडन म्हून भेली मी.

मनकर्णाबाई : मंग झारा काऊन मारला?

राहीबाई : तुमी इचारलं. काय सांगावं ते सुधरलं नाई मले.

जमादार : बाई, लिव्हू का नाई? दौत उघडून बसलो मी.

मनकर्णाबाई : लिव्हा, ओट्यावरून पाय घसरला.

राहीबाई : खोटं हाय ते.

जमादार : राहीबाई, तुमाले जेलात जाची लय घाई हाय का? मनकर्णाबाई, फिर्याद हाय का नाई, एवढं सांगा.

मनकर्णाबाई : नाई.

जमादार : इचार करून सांगा. उद्या पुन्हा याल अन् म्हनाल, जमादारानं लिव्हलं नाई.

मनकर्णाबाई : नाई म्हटलं ना. दुसरीकडं काम नाई का तुमाले?

जमादार : हाय. जेवाचं राह्यलं.

राहीबाई : चाला. साडेतीनची बस हाय.

मनकर्णाबाई : तू जा. तोंड केवढं सुजलं माहं, पाह्य. असं तोंड घेऊन पावन्यायसमोर कशी उभी राहू मंगळवारी?

राहीबाई : उतरन तवापर्यंत.

मनकर्णाबाई : अन् नाई उतरलं तं?

राहीबाई : तं मी सांगीन सगळ्याइले, माह्या हातानं झालं म्हून.