कुत्र्याचे दहा दिवस

नाही, मला वाटलं होतं काय, की सात वर्षं परमुलखात जनावरांचं वैद्यक शिकून परतले म्हटल्यावर लोक विचारतील, डॉक्टर, मुक्या जिवाला कुठं दुखतंय हे ओळखायचं कसं... आणि विचारलं काय, तर "मॅडम, कायमचं झोपवायचं इंजेक्शन आज देता की उद्या?" आणि म्हणे माणूस श्रेष्ठ.

तुम्हाला सांगते, एका इमारतीनं पाळलेला कुत्रा बिचारा जिन्याखाली झोपलेला, तिथलेच सेक्रेटरी फोनवर बोलत बोलत त्याच्या शेपटीवर उभे राहिले, उभेच राहिले, तेव्हा तो पोटरीला चावला. आता तुमच्या पायावर उभं राहून कुणी गप्पा छाटल्या, तर तुम्ही काय त्याला खुर्ची आणून द्याल?

आमच्या दवाखान्याचा नियम असा, की चावऱ्या कुत्र्याला दहा दिवस पिंजऱ्यात ठेवून बघायचं, पिसाळला नाही तर सोडायचं. बघितलं. खातो, झोपतो, मी दिसले की शेपूट हलवतो, तीही दुखरी.

दहाव्या दिवशी संध्याकाळी इमारतीची कमिटी हजर. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, त्याला राग आला की चावायचं एवढंच कळतं. माणसाला विचार करता येतो, हाच तर फरक."

मागून खजिनदार म्हणाले, "मग माझ्या जागेवर गाडी लावताना कुठं जातो तो विचार?"

झालं. यांनी त्यांची कॉलर धरली, त्यांनी यांचा चष्मा उडवला, आणि... विश्वास नाही बसणार, खजिनदार सेक्रेटरींच्या मनगटाला कडाडून चावले. दात उमटले हो. जनावरांच्या औषधानं मीच धुतलं. कुत्रा मात्र पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. आणि म्हणे माणूस श्रेष्ठ.

मग दोघं पाणी प्यायले, शर्ट नीट केले आणि ठराव केला: कुत्र्यामुळे इमारतीची शांतता भंगते, सबब त्याला परत घेणार नाही, दुसरा मालक न मिळाल्यास उद्या दुपारी इंजेक्शन. एकमताने हं. पाण्याच्या टाकीच्या रंगावर कधी एक न झालेली माणसं ही.

मी विचारलं, "आणि खजिनदारांना किती दिवस पिंजऱ्यात ठेवू?"

"मॅडम, माणसाची गोष्ट वेगळी."

वेगळीच. कुत्रा निदान शेपटीवर पाय पडेपर्यंत थांबला होता.

घरी बाबा म्हणाले, "एवढी शिकलीस ती कुत्र्यांची वकिली करायला?" मी रात्रभर त्यांच्याशी भांडले, मनातल्या मनात.

सकाळी दवाखान्यात गेले, त्याचा फॉर्म काढला, मालकाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, सही ठोकली. त्याला चालेल का, हे काही विचारलं नाही... तेवढी माणूस मीही आहेच की.