दर मंगळवारी, चार वाजता

तर मंडळी, आधी एक सांगा – माणसानं दिलेला शब्द मोडला, तर तो शब्द जातो कुठे? विरतो? की कुणी उचलून नेतो?

ऐका!

कऱ्हाडात यशोधन नावाचा एक गृहस्थ. नोकरी कॉम्प्युटरवरची. सगळी कामं एका साध्या फाईलीत लिहायचा. चित्र नाही, घंटी नाही – नुसत्या ओळी! "दर सोमवारी – उपवास." त्याखालीच "दर सोमवारी संध्याकाळी – साबुदाणा वडे." हसू नका, तुमच्याही घरी तेच आहे!

आणि एक ओळ – "दर मंगळवारी, चार वाजता – हेमाडे गुरुजींना वाचून दाखवणे."

गुरुजींनी त्याला अक्षर शिकवलं. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली. यशोधननं हात धरून शब्द दिला, "गुरुजी, दर मंगळवारी येईन."

आला की! दोन महिने आला. मग मीटिंग, मग पाहुणे. ओळ उचलायची, पुढच्या मंगळवारी टाकायची. शेवटी एके सकाळी वैतागला आणि ओळ पुसूनच टाकली. सुटला!

बुधवारी फाईल उघडली. ओळ तिथंच! आणि पुढे लिहिलेलं – "झाले."

म्हणाला, चुकून राहिली असेल. पुन्हा पुसली. पुढच्या बुधवारी पुन्हा – "झाले." सहा आठवडे! घरात त्या यंत्राला हात लावणारं दुसरं कुणी नाही, मंडळी.

शेवटी रविवारी गुरुजींच्या घरी गेला. सून निर्मलावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे उपकार हो! मी चारला शाळेत असते, पण पुस्तकातली खूण दर मंगळवारी पुढे सरकलेली दिसते."

यशोधनच्या तोंडचं पाणी पळालं. आत जाऊन वाकला. "गुरुजी, मी यशोधन."

गुरुजींनी कान दिला. कपाळाला आठी पडली.

"छे! यशा मंगळवारी येतो. त्याचा आवाज मी ओळखतो. तुम्ही कोण?"

काय वाटलं असेल हो? ज्यानं नाव लिहायला शिकवलं, तोच विचारतो – तुम्ही कोण!

मंगळवारी रजा टाकून तो साडेतीनलाच गुरुजींसमोर जाऊन बसला. भर उन्हाची वेळ, गल्ली चिडीचूप. चार वाजले.

जिन्यावर पाऊल वाजलं.

एक पायरी… दुसरी… पावलं दाराशी येऊन थांबली. दार उघडं – दारात कुणी नाही!

गुरुजी हसले, "आला बघा यशा."

यशोधननं पुस्तक उघडलं आणि वाचू लागला. अडखळला, घाम पुसला, पण थांबला नाही. एक पान, दोन पानं… तिसऱ्या पानावर पावलं हलली. सावकाश जिना उतरून गेली.

गुरुजींनी हात पुढे केला, त्याची बोटं चाचपली.

"यशा, आज तुझा हात उबदार आहे रे. मधले कितीतरी मंगळवार गारठलेला असायचा!"

यशोधन ढसाढसा रडला. त्यानंतर गुरुजी होते तोवर त्यानं एक मंगळवार चुकवला नाही.

कोण येत होतं? देव म्हणा, आणखी काही म्हणा – मला ठाऊक नाही. पण बाबांनो, मायबहिणींनो, तुम्हीही कुणाला तरी 'येतो' म्हणून ठेवलंय. ते माणूस दाराकडे कान लावून बसलंय. जा! तुमच्या नावानं दुसरंच कुणी जिना चढायच्या आत – जा!