रुमालाखालचा भाव

उत्तमराव : मग भाव खोटा निघालाच कसा, हिंमतराव? आपल्या ‘व्यापारदीप’मधला भाव वाचून धामणगाव बढ्याच्या लोकांनी कापसाच्या गाड्या जुंपल्या. बाजारात आले, तर तो भाव कुणी देईना.

हिंमतराव : मले काऊन इचारता? व्यापारी अन् आमी दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतो, बाहेरच्याले काई दिसत नाई. माह्या हाताले जे लागलं, तेच तुमाले सांगतलं.

उत्तमराव : इतकी वर्षं खरं लागलं, आणि आताच खोटं?

हिंमतराव : माह्यावर शक हाय म्हना ना.

उत्तमराव : आहे. आधी माझा अंक चिवड्याच्या पुड्या बांधायला जायचा. रुमालाखालचा भाव छापायला लागलो, तेव्हा कुठं लोणारच्या पारावर वाचला जाऊ लागला.

हिंमतराव : सीपी-वऱ्हाडात असा पेपर नाई म्हनून छाती फुगवून फिरत होते तुमी.

उत्तमराव : आता लोक अंक तोंडावर फेकतात. उद्याचा निघाला की छापखाना बंद. खरं सांगा, व्यापाऱ्यांनी तुम्हाला काय कबूल केलं?

हिंमतराव : मले? माह्या रुमालाखाली आता कोनी हात घालून नाई राह्यलं.

उत्तमराव : का?

हिंमतराव : भाव कोन फोडते ते पाहाले त्याइनं मुद्दाम खोटी बोटं दाबली माह्या हातात. तुमी छापलं. झाली खात्री.

उत्तमराव : एवढे दलाल बाजारात. शक तुमच्यावरच का यावा?

हिंमतराव : पोरीच्या सोयरिकीले गेलो होतो मी, आठवते? त्या हप्त्यात तुमी भावाची जागा कोरी ठेवली. वरतून छापलं, ‘या आठवड्यात भाव मिळाले नाहीत.’

उत्तमराव : अंदाजानं छापायचं माझ्या जिवावर आलं.

हिंमतराव : हाव. तुमचा खरेपना माह्या पोटावर आला.

उत्तमराव : हे तरी खरं कशावरून, हिंमतराव? वाईट वाटतं, पण आता तुमचा शब्द घशाखाली उतरत नाही.

(हिंमतराव खांद्यावरचा रुमाल काढतो आणि दोघांच्या मधे धरतो.)

हिंमतराव : घाला हात.

उत्तमराव : दोन... नाही, तीन. चौथं अर्धंच दाबलं. काय समजायचं यातून?

हिंमतराव : बोटं कायले मोजता, भाऊ? नुसता हात धरला मी.