नेवेनाच्या टाळूवरच्या खपल्या

...आणि प्रत्येकाचं आपलं तेच, "डोकं धुता ना रोज?" अहो, धुतो! तीन महिन्यांची आमची नेवेना, टाळूवर पिवळ्या चिकट खपल्या धरल्या, तर तुम्हाला सांगतो, अख्ख्या चाचाक गावाला डॉक्टरकी सुचली. शेजारच्या स्तानोय्काबाई नाक मुरडून म्हणाल्या, राकियाचा बोळा फिरवा. आता पोरीला दारू पाजायची तेवढी राहिली! क्राल्येवोची आत्या फोनवर म्हणे, व्हिनेगर. का, कोशिंबीर करायचीय पोरीची? आणि आमच्या मातोश्री, रादोय्काबाई, त्यांनी तर कुणाला विचारलंच नाही, डुकराची चरबी थापली, वर लोकरीची टोपी. भर जुलैत! पोर टोपीत शिजतेय, खपल्या दुप्पट, आणि वर पुन्हा सुनेलाच, "डोकं धुता ना रोज?"

येलिका, म्हणजे माझी बायको, पोरीला बागेत न्यायचं बंद केलं तिनं, लोक बघतात म्हणे. मग एका मंगळवारी आई बारीक फणी घेऊन बसली, खपली उपटली, रक्ताचा थेंब आला... येलिकानं पोर उचलली ती थेट दवाखान्यात. तिच्यामागे मी, माझ्यामागे आई.

डॉक्टरीणबाई तिशीच्या. त्यांनीही विचारलं, डोकं धुता ना रोज? म्हटलं, झालं, ह्यासुद्धा! पण त्या म्हणाल्या, बऱ्याच बाळांना होतं हे, दुखत नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही. थोडं तेल लावा, खपली भिजली की मऊ ब्रशनं हलकेच सोडवा, बाळाच्या शाम्पूनं तेल धुऊन टाका, उपटू मात्र नका, जाईल आपोआप. "आणि हे अस्वच्छतेनं होत नाही."

येलिका म्हणाली, "हे पुन्हा एकदा सांगाल? जरा मोठ्यानं. सासूबाई बाहेर बसल्यात."

आणि मग रडायलाच लागली हो... मी काय केलं? भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचला. सगळा. दोन महिन्यांत आईला एकदा "पुरे" म्हणालो नव्हतो, आता कुठल्या तोंडानं बोलणार?

दीड महिन्यात टाळू लख्ख. आई म्हणते, चरबीचा गुण. स्तानोय्काबाई म्हणतात, राकियाचा, जी आम्ही लावलीच नाही! आत्या व्हिनेगरवरून हलत नाही. बाप्तिस्म्याचा फोटो बघा, तिघी पुढे, तिघींचा हात पोरीच्या डोक्यावर. येलिका मागच्या रांगेत, अर्धी. आणि डावीकडे तो कान दिसतो ना... तो मी.